नदीकडची बाजू

१८ नोव्हेंबर १९६३

तारीख लागली. नव्या धरणाच्या पाण्यात गाव बुडणार, म्हणून चार डिसेंबरला आगबोट येणार आणि अख्खं गाव उचलून नेणार. गावचे मुखिया, आमचे उम्दा, मशिदीपुढे उभे राहून सरकारी कागद वाचत होते. हमदीभावजी मागून ओरडले, "उम्दा, माझ्या खजुरीचं तिकीट काढलंत का? ती बिचारी एकटी कशी राहील!" सगळे हसले. मीही हसलो. घराकडे वळलो आणि आठवलं—आईचं काय!

बाबांना जाऊन आज तीन महिने झाले. चार महिने दहा दिवस पुरे झाले की बायका आईला नदीवर नेतील. ती कंबरभर पाण्यात उतरून तोंड धुईल, अंगावरचं शोकाचं कापड पाण्यात सोडेल, आणि मगच माणसांत येईल. तो दिवस डिसेंबरच्या शेवटी येतो. बोट त्याआधी!

आईला अजून सांगितलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

नाही सांगितलं.

२१ नोव्हेंबर

शेवटी अश्रीताईनं सांगून टाकलं. आई चटईवरून हललीसुद्धा नाही. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं. माझं आटोपलं की येते." जसं काही शेजारच्या घरी जायचंय!

ताई म्हणाली, "आई, मागं कुणी नसणार. पाणी चढतंय."

"चढतंय तर बरंच आहे की. मला कमी चालावं लागेल."

ताई बाहेर येऊन रडली. मी पाण्याचे माठ तपासले, झाकणं नीट लावली, पुन्हा तपासले. दुसरं काय करणार?

२३ नोव्हेंबर

पुराणवस्तूवाल्या लबीब साहेबांबरोबर दिवसभर कातळावर होतो. माझं काम म्हणजे मोजायची फीत धरायची आणि साहेब सांगतील ते आकडे स्वच्छ अक्षरात उतरवायचे. कातळावर बोटी कोरलेल्या आहेत, लांब शिंगांची गुरं आहेत. खालच्या बाजूला जुन्या पुरांच्या रेघा. लहानपणी आम्ही त्या रेघांवर पाय देऊन चढायचो.

जेवताना साहेब म्हणाले, "बघ, दोन्हीकडे वाळवंट. मधे ही हिरवी पट्टी. माणूस जाणार कुठं? दरवर्षी पूर यायचा, गाळ टाकायचा आणि शेतांच्या खुणा पुसून जायचा. म्हणून मोजणी आली. मोजणीतून आकडे, आकड्यांतून लिहिणं. मग राजे."

मी विचारलं, "आधी राजे नाहीत?"

"आधी चिखल," साहेब म्हणाले आणि हसले.

मला हसू आलं नाही. आम्ही अजून त्या चिखलातच आहोत. मूल जन्मलं की नदी, लग्न झालं की नदी, नवरा गेला की नदी. वरच्या अंगाच्या देवळाचे दगड कापून, नंबर घालून उंचावर नेणार आहेत, ते पुन्हा नदीकाठीच. त्या दगडांना आपला काठ सोडावा लागणार नाही!

२६ नोव्हेंबर

शाया आजींकडे गेलो होतो. गावातल्या सगळ्या विधवांना त्यांनीच नदीवर नेलं आहे. मी म्हटलं, आजी, दिवस पुरे व्हायच्या आधीच उरकता येईल का?

आजी तव्यावर काबिदच्या पातळ भाकरीचं पीठ पसरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्हणजे नदीला फसवायचं? तळाशी राहणारी ती पाण्यातली माणसं दिवस मोजत नाहीत असं वाटतं तुला? बिशीर, शाळेत चार वर्षं गेलास तेवढंच बरं झालं. पाचवं गेला असतास तर वाया गेला असतास."

वर गरम भाकरी हातात कोंबली. "आईला दे. खात नाही ना ती?"

खात नाही.

२८ नोव्हेंबर

आज साहेबांच्या लाँचवर भिंतीला नकाशा होता. कोम ओम्बोच्या बाजूला नवी गावं पेन्सिलीनं दाखवलेली. आमचं गाव मी वाचून काढलं. मग नदीची निळी रेघ शोधली. मधे हाताचं बोट आडवं ठेवून पाहिलं. एक बोटसुद्धा पुरं नाही!

धावत घरी आलो. आईला सांगितलं, नदी जवळ आहे, बोटभर. दिवस पुरे झाले की तिथूनच जायचं.

आईनं मान वर केली. मग म्हणाली, "तू स्वतः वाचलंस?"

"स्वतः."

संध्याकाळी तिनं भाकरी खाल्ली. दूध मागितलं!

३ डिसेंबर

सगळं गाव कबरस्तानात. प्रत्येकानं आपापल्या माणसांच्या कबरीवरच्या वाडग्यात पाणी ओतलं. दिवस पुरे होईतो आईनं तिथं जायचं नसतं, म्हणून मी बाबांच्या कबरीवर तिच्या वाटचंही ओतलं. तीस वर्षं कैरोत परक्यांसाठी स्वयंपाक केला त्यांनी. दोन-दोन वर्षांनी घरी यायचे. कायमचे आले ते खोकत खोकत, आणि उन्हाळाही निघाला नाही.

४ डिसेंबर

आई आली. चेहऱ्यावर पदर ओढून, ताईचा हात धरून. बोटीवर चढताना उंबऱ्यावर द्यावा तसा पाय दिला. कुत्री काठावरून भुंकत आमच्याबरोबर धावत होती. हमदीभावजी आपल्या खजुरीकडे पाठ करून बसले होते.

९ डिसेंबर

नवं गाव. सिमेंटची घरं, ओळीनं, सगळी सारखी. पोरं घरं चुकतात. मी पोचल्या पोचल्या गावाबाहेर गेलो आणि नदी शोधायला चालू लागलो. चालतच राहिलो. ऊस, मग खडकाळ माळ, मग पुन्हा ऊस. एका उसवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "नदी? गाडीनं जा बाबा."

बोटभर! मला इतकं कसं कळलं नाही? नदीपासून लांब गाव असतं हेच कधी डोक्यात आलं नाही.

आईला सांगितलं, थोडी लांब आहे. ती म्हणाली, "बरं."

१४ डिसेंबर

हे लिहून ठेवतो. आमच्यात डावं-उजवं कुणी म्हणत नाही. नदीकडे, डोंगराकडे, वरच्या अंगाला, खालच्या अंगाला—एवढंच. आज जेवताना आई म्हणाली, "वाडगा नदीकडे सरकव." मी हात पुढे केला आणि थांबलो. कुठं सरकवू? आईनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग दाराकडे. "जाऊ दे," म्हणाली.

रात्रीची ती चटई फिरवत बसते. डोकं कुठल्या अंगाला करायचं ते कळत नाही.

१९ डिसेंबर

पलीकडच्या घरातलं तान्हं मूल तापानं गेलं. या आठवड्यातलं तिसरं. आईनं रडणं ऐकलं आणि विचारलं, "कुणाच्या घरी लग्न आहे?"

मला वाटलं, झोपेत बोलली.

२४ डिसेंबर

उसाचा ट्रकवाला तयार झाला. अठ्ठावीसला सकाळी येईल, बायकांना नदीवर नेऊन परत आणेल. शाया आजी म्हणाल्या, "ट्रकमधून जाणारी पहिलीच विधवा ही! पाण्यातली माणसं घाबरतील." पण त्या येणार आहेत. एकदा आईच्या अंगावरचं हे उतरलं की तिचं डोकं ताळ्यावर येईल. नक्की येईल.

२८ डिसेंबर

ट्रक दारात. बायका वर चढून बसलेल्या. आईला आणायला आत गेलो, तर तिनं शोकाचं कापड घडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. अंगावर लग्नाकार्यातलं रंगीत, हातांना मेंदी. मी म्हटलं, आई, आधी नदीवर जायचंय.

"नदीवर कशाला? कोण गेलं?"

"बाबा."

ती चिडली. "भरल्या घरात असं अभद्र बोलू नये. ते कैरोत आहेत."

"आई, कबरीवर मी स्वतः पाणी—"

"कुठाय कबर? दाखव."

मी हात उचलला. कुठल्या बाजूला धरायचा ते कळेना.