तेरा वेळा उठलो, दाजी

मुक्काम वाटूर, रविवार

तीर्थरूप रामेश्वरदाजी यांना आबारावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखर वाकून. आता वाकता येतं. ते कसं, हेच सांगायला कागद घेतलाय.) सोनूअक्काला आम्हा दोघांचा, माझा आणि वच्छलाचा, नमस्कार सांगावा. कपाशीची शेवटची वेचणी झाली असेल. म्हैस व्यायली का, आणि व्यायली असेल तर या खेपेला तरी पारडी झाली का, ते कळवावं. तुमच्या तब्येतीचं फोनवर विचारलं की तुम्ही रेंज न्हाई म्हणता आणि ठेवून देता, म्हणून पत्र लिहून राह्यलो. कागदाला रेंज लागत न्हाई. आणि तुम्ही अर्ध्यात ठेवून दिलं तरी पुढचं अक्का वाचील.

तर दाजी, तुम्हाला माहीत आहे, शाळेत एकतीस वर्षं घंटा वाजवून मी निवृत्त झालो आणि वर्षभरात माझ्या दोन्ही किडन्याही निवृत्त झाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार जालन्याला डायलिसिस. डाव्या हातात दोन सुया, चार घंटे पलंगावर, रगत नळीतून मशीनमध्ये जातं, धुऊन परत येतं. मशीन काम करतं आणि माणूस छताकडं बघतो. त्या छताला सत्तावीस चौकोन आहेत. (एक फुटका. तो धरून सत्तावीस.) असं दीड वर्ष पडून पडून माझे पाय ज्वारीच्या धांड्यासारखे झाले. एसटीच्या पायरीवर कंडक्टरनं वरून ओढायचं आणि वच्छलानं खालून ढकलायचं, तेव्हा मी गाडीत. एकदा दोघांचाही जोर एकाच वेळी लागला आणि मी थेट एका मावशीच्या टोपल्यात, वांग्यांवर. मावशी फार सभ्य. वांगी मोजून घेतली आणि सरकून जागा दिली.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या की, आबाराव, तुमच्या अंगात आतून दाह आहे, आकडा एकोणीस आलाय, तो पाचाच्या आत पाहिजे. आता दाह म्हटल्यावर वच्छलानं जे समजायचं ते समजून घेतलं. घरी आल्याबरोबर मिरची बंद, मसाला बंद, लसूण बंद. आठ दिवस मी पांढरं वरण आणि पांढरा भात खाऊन राह्यलो. (मीठ तर आधीच बंद होतं. आमच्या घरच्या जेवणात आता फक्त ताटाला चव होती.) नवव्या दिवशी वच्छलानं डॉक्टरीणबाईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं की मिरचीचं बोटसुद्धा लागू दिलं न्हाई, तर बाई हसायच्या थांबेचनात. मंग त्यांनी बराबर समजावलं. हा दाह पोटातल्या जळजळीचा न्हाई. शेकोटी वरून विझलेली दिसते, पण राखेखाली निखारा धुमसत असतो, तसं किडनीच्या आजारात अंग आतल्या आत धुमसतं. त्यानं हृदयाला त्रास होतो, मांस झडतं, भूक मरते. त्यावर औषधपाणी चालूच राहील, पण त्या म्हणाल्या, तुम्ही पाय हलवा. व्यायामानं निखारा कमी होईल अशी आशा आहे, हमी देत न्हाई. पाय मात्र नक्की सुधारतील.

मी म्हणालो, हातात सुया असताना पाय कुठं हलवू? तर पुढच्या खेपेला तृप्ती नावाची व्यायाम शिकवणारी पोरगी पलंगाच्या पायथ्याला पायडल लावून गेली. नुसते पायडल, दाजी. चाक न्हाई, घंटी न्हाई, सीट न्हाई. निजल्या निजल्या सायकल. आधी माझ्या छातीची पट्टी (ईसीजी) काढली, प्रेशर बघितलं आणि सांगितलं की पहिल्या दोन घंट्यांतच मारायची, नंतर प्रेशर उतरतं; सुरुवातीला पाच मिनिटं, हळूहळू.

आता हळूहळू मी मारलीही असती. पण शेजारच्या पलंगावर शिवनारायणशेठ होते. जालन्यातले कपड्याचे व्यापारी, तीन पिढ्यांपासून इथलेच, त्यांचं मराठी माझ्यापेक्षा साफ. त्यांनाही त्याच दिवशी पायडल लावले. मी एका डोळ्यानं बघितलं, तर शेठ माझ्याहून जल्दी मारून राह्यलेले. मंग मी वाढवली. मंग त्यांनी वाढवली. त्यांची बायको भंवरीबाई उशाशी माळ जपत बसलेली. तिची माळसुद्धा जोरात फिरायला लागली. चौथ्या मिनिटाला माझं मशीन ओरडलं, त्यानंतर सहाव्या सेकंदाला शेठचं ओरडलं, आणि बेबीनंदा सिस्टर अशी धावत आली की तिची एक चप्पल दारातच राहिली. मला गरगरलं, तिनं माझे पाय वर केले, डोकं खाली. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय विचारलं असेल? शेठ आधी थांबले का मी. सिस्टर चप्पल आणायला गेली. उत्तर भंवरीबाईनं दिलं. शेठ थांबले होते.

दुसरा प्रसंग लिहू का नको असं झालं होतं, पण तुम्हाला कुठूनतरी कळणारच. मी धोतरावर पायडल मारत होतो. सोगा पायडलात अडकला. मी मारतोय आणि धोतर सुटून तिकडं गुंडाळलं जातंय. डावा हात सुयांनी बांधलेला, उजव्या हातानं उरलेलं धोतर धरलेलं, वॉर्डात बारा माणसं. ओरडावं तर सगळे बघतील, थांबावं तर अर्धं धोतर तसंच पायडलावर. मंग मला सुचलं. मी उलटे पायडल मारायला लागलो. सावकाश, एकेक फेरा, आणि धोतर एकेक वीत परत येत गेलं. तृप्ती लांबून बघून म्हणाली, वा काका, उलटा व्यायाम तर मी अजून सांगितलाच न्हाई. त्या दिवशी जाताना जालन्यातून पट्ट्यापट्ट्यांची पँट घेतली. वाटूर फाट्यावर उतरलो तेव्हा भिवा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच ठेवून बघत राहिला.

असे तीन महिने गेले. पाच मिनिटांची दहा झाली, दहाची तीस. घरी खुर्चीतून उठायचं, बसायचं. रगत येऊ-जाऊ लागलं की पायही चालू. छत बघायला मी आता रिकामा नसतो. आणि मागच्या शुक्रवारी परीक्षा झाली, सुया टोचायच्या आधी. परीक्षा साधी आहे: भिंतीला टेकून खुर्ची, हात छातीवर, अर्ध्या मिनिटात किती वेळा पुरते उठून बसता. तीन महिन्यांपूर्वी मी चार वेळा उठल्तो, तेही चौथ्याला वच्छलानं डोळ्यांनी उचललं म्हणून. शेठ तेव्हा पाच.

शुक्रवारी शेठ पहिले बसले. बारा. वॉर्डात सगळ्यांनी माना डोलावल्या. मंग मी बसलो. आठपर्यंत वाऱ्यासारखा. दहाव्याला मांड्या थरथरल्या. बाराव्याला डोळ्यांपुढं काजवे. तृप्ती वेळ संपली म्हणायला आणि मी तेराव्यांदा उभा राहायला एकच गाठ पडली. शेठ म्हणाले की हा धरायचा न्हाई, अर्धाच उठले. मी अजून धापा टाकत होतो. तेवढ्यात भंवरीबाईनं माळ थांबवली आणि नवऱ्याकडं न बघता सांगितलं, “पूरे उठले. मी मोजून राह्यले. तेरा.”

शेठनं उठून माझा हात हातात घेतला, उजवा. (डावा सुयांचा, दाबायचा नसतो; तो धरू न देण्याइतकी अक्कल आम्हा दोघांना आता आली आहे.) वच्छला खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही न्हवतं, नुसती पाण्याची टाकी. त्याच दिवशी रगताचा रिपोर्टही आला. एकोणिसाचा आकडा सहावर.

आणि दाजी, संध्याकाळी एसटी लागली. कंडक्टरनं सवयीनं हात पुढं केला. मी धरला न्हाई. दांडा धरला, एक पाय, दुसरा पाय, वर. मागून ढकलायला उभी असलेली वच्छला तशीच हात पुढं करून खाली राहिली, मंग मीच तिला हात देऊन वर घेतलं. सीट रिकामी होती. मी अर्धा रस्ता उभा राहिलो. कंडक्टरनं दोनदा बसा म्हटलं. मी म्हणालो, बसून बसूनच कंटाळलो बाबा.

असो. मुलाबाळांना आशीर्वाद. अक्काला म्हणावं कोल्हापुरी तिखट पाठव, परवानगी आहे, चिमूटभर.

आपला, पट्ट्यापट्ट्यांच्या पँटीतला,
आबाराव

ता. क. एक गोष्ट लपवली होती. आकडा उतरला त्याच महिन्यात माझी किडलेली दाढ काढल्ती. डॉक्टरीणबाई म्हणतात, दाह दाढेमुळंही वाढलेला असू शकतो, सगळं श्रेय सायकलीला देऊ नका. मी म्हणालो, बाई, आकडा दाढेला द्या. पण खुर्चीतून दाढ उठली न्हाई.

ता. क. २. दुसरी गोष्ट तुम्ही लपवलीय. अक्काचा फोन आल्ता. तुमचाही रिपोर्ट आलाय, डॉक्टरनं डायलिसिस सुरू करा म्हटलंय, आणि तुम्ही तो कागद कपाटात ठेवून म्हणालात की आबारावासारखं पोत्यागत जगण्यापेक्षा न्हाई जगलो तर बरं. मला राग आला न्हाई. दिवाळीत तुम्ही मला गाडीतून उतरवलं, ते पोतंच होतं. पण तो आबाराव बघून तुम्ही ठरवलं, म्हणून हा दुसरा बघायला या. येता न्हाई, त्याच्या पुढल्या बुधवारी, सकाळी, नुसतं बघायला. कागद मात्र सोबत आणा, डॉक्टरीणबाईंशी बोललोय.

ता. क. ३. कुस्तीत, पोहण्यात, पोतं उचलण्यात, तुम्ही मला एकदाही जिंकू दिलं न्हाई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं एक आकडा आहे, तेरा, जो तुमच्याकडं न्हाई. तो मोडायला तुम्ही आलाच न्हाईत, तर मी जिंकलो असं कोण म्हणेल?