चाळणीतला ४१२

२ मे, गुरुवार
कंपनीच्या शोधात आमच्या वस्तीचं नाव टाकलं. शून्य. काना-मात्रा बदलून परत टाकलं. शून्य!
बहीण सत्यभामानं टँकरसाठी तक्रार टाकून अकरा दिवस झाले. मिळाली म्हणून मेसेजही आला. मग मशीनमध्ये का नाही? टँकर कुठं पाठवायचा ते साहेब लोक आमच्याच कंपनीच्या शोधात बघतात. शोधात नाव नाही तर पाणी नाही. मेंढरांना तर घोटभर नाही.
आई फोनवर — "तू तिथंच बसतो ना रं हणम्या? मंग आपलंच नाव दिसंना व्हय?"

३ मे
माझं काम फोनचं. तक्रारवाल्याला विचारायचं, टँकर आला का. आला म्हणाला की त्या तक्रारीचा नंबर 'निकाली' यादीत टाकायचा. ती यादी शोधाच्या चाळणीला लागते, झालेल्या तक्रारी शोधातून गळतात. चाळणी प्रणयच्या हातात. इंजिनियर! मी जवळ गेलो की लॅपटॉप मिटतो. आज दोनदा मिटला.

६ मे
बीड बायपासच्या नव्या सोसायट्या सगळ्या दिसतात. पोहायचा तलाव असलेली पण! आमचीच वस्ती नाही. लई विचित्र.

७ मे
प्रणय चहाला गेला. त्याच्या खुर्चीवर बसलो, चाळणीची टिक काढली — वस्ती आली! नंबर ४१२. टिक लावली — गायब.
म्हणजे तोच.
आईला सांगून टाकलं, एक जण आपलं नाव दाबतोय. ती म्हणे, "नाव सांग. कारभारीमामाला धाडते." नको म्हटलं. नाव मात्र सांगितलं.

८ मे
सगळ्यांसमोर विचारलं, आमची वस्ती का गाळली? प्रणय तांबडा झाला. "मी? यादी तुझी हाय भाऊ."
खोटारडा, म्हटलं. मग त्यानं दाखवलं. शहर वाढलं, तक्रारी एका मशीनवर मावेनात, म्हणून पाडव्याला पाच मशीनवर वाटल्या. प्रत्येक मशीनवर नंबर एकपासून सुरू. मी टाकलेला ४१२ चिकलठाण्याच्या सोसायटीचा, पहिल्या मशीनवरचा. पण यादी पाचही मशीनला गेली. तिसऱ्या मशीनवरचा ४१२ म्हणजे आमची वस्ती!
एकदम शाळा आठवली. 'अ' आणि 'ब' तुकडी एकाच खोलीत. गुरुजी ओरडायचे — चौदा नंबर, हात पुढं! 'अ'चा चौदा मी, 'ब'चा सर्जेराव. खोड्या त्याच्या, छड्या मला.
प्रणयला म्हटलं, नंबराआधी तुकडी लिहा ना, म्हणजे कुठलं मशीन ते. तो बघतच राहिला. "सहावीत शाळा सोडली ना तू? मग हे आमच्या डोक्यात कसं नाय आलं!"
लॅपटॉप का मिटतोस, तेही विचारलं. हळूच म्हणाला, "पुण्याच्या कंपनीत अर्ज करतोय. बोंबलू नको."
खरं असेल. नसेलही.

९ मे
कारभारीमामा बसस्टँडवर उतरला, काठीसकट! रसवंतीत नेऊन समजावलं. "मंग मशीनला हाणू का?" म्हणे. दुपारच्या एसटीनं परत धाडला.

१० मे
दिवसभर जुन्या नंबरांना तुकडी लावली. आता प्रत्येक मशीनला फक्त त्याची यादी जाणार. तरी प्रणय काय टाइप करतो ते मागं उभं राहून बघितलं. सवय जात नाही.

११ मे
चाळणी लावूनच शोधलं. दडलेल्या सदतीस तक्रारी वर आल्या. आमची दुसरी. सगळ्यात जुनी कुण्या चंपाबाईची, आमच्याही नऊ दिवस आधीची.
ही कोण? म्हटलं.
प्रणय म्हणाला, "माझी आई. मला बोलली पण नाय."
तिला गाळणारा नंबर माझ्या हातचा.