फरशी वाळेपर्यंत

४ मार्च, सकाळी.
ही लेकीकडे गेली. जरा आराम करते म्हणाली. आरामाला मोठी बॅग कशाला लागते कोण जाणे. भांडण वगैरे काही नाही. मी एवढंच म्हणालो होतो की आपल्या हॉलची फरशी खानावळीसारखी दिसते. पाहुण्यांसमोर म्हणालो, पण खरं तेच म्हणालो.
संकल्प: ती यायच्या आत फरशी आरशासारखी. सकाळभराचं काम. इतकी वर्षं उगाच कमरेचं निमित्त सांगत होती.

४ मार्च, दुपारी.
कंबर धरली. पलंगावर आहे. पाण्यात पावडर जरा सढळ हाताने पडली. फेस अजून बसलेला नाही. फेसावरून पलंगापर्यंत कसा आलो ते लिहीत नाही.

६ मार्च.
मूळ दोष फटींत. दोन टाइल्सच्या मध्ये मळ दगडासारखा बसलाय. हिचा दात घासायचा ब्रश इथेच राहिलाय, म्हणजे परत यायचा बेत पक्का. त्याच ब्रशने फटी घासल्या. ब्रश फारच कामाचा निघाला. होता.

७ मार्च.
डाग हटत नाहीत. अ‍ॅसिड आणलं. लेकीचा फोन आला. बाबा, टाइल्सवर अ‍ॅसिड ओततात का, म्हणाली. या पिढीत धाडसच नाही. तिला अ‍ॅसिडचं सविस्तर समजावलं. हिची चौकशी करायची तेवढी राहिली.

८ मार्च.
डाग गेले. त्यांच्याबरोबर चकाकीही गेली. फरशी राख फासल्यासारखी दिसते. टाइल्स मुळात हलक्या प्रतीच्या. त्या हिनेच पसंत केल्या होत्या.
दुकानदार म्हणतो, वरून सीलर मारा, काचेसारखी होईल. मला हे आधीच सुचलं होतं.

११ मार्च.
लेकीचा फोन. आई उद्या दुपारी घरी येतेय, तुम्ही फक्त नीट बोला, म्हणाली. म्हटलं, मला बोलायची गरजच नाही, फरशी बोलेल. तिने लगेच फोन ठेवला. प्रभावित झाली असावी.

१२ मार्च, सकाळी.
सीलर मारून झालं. अप्रतिम. दारापासून सुरुवात केली, कारण येणारा आधी दारच बघतो. मागे सरकत सरकत स्वयंपाकघरात पोचलो, आणि मग मागे भिंत आली.
आता ओट्यावर बसलोय, गॅसशेजारी. डब्यावरच्या सूचना आत्ता वाचल्या. उद्या सकाळपर्यंत पाय ठेवू नये. हरकत नाही. नळ हाताशी आहे.

१२ मार्च, दुपारी.
ही आली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. ओट्यावरून दार सरळ दिसतं. मी ओरडून सांगितलं, आत येऊ नकोस, ओलं आहे. ती उंबऱ्यातच थांबली, बॅग हातात. फरशीकडे पाहत राहिली. मी कौतुकाची वाट पाहत होतो.
मग हळूच म्हणाली, "तुम्ही उतरून या ना."
मी म्हटलं, ठसे उमटतील.
"उमटू देत."
मी खाली पाहिलं. खिडकीचा उजेड पार ओट्यापर्यंत सरळ पसरला होता. असं आमच्या घरात कधी दिसलं नव्हतं. एक पाय खाली सोडला. परत वर घेतला. तिला म्हटलं, सकाळपर्यंतचाच प्रश्न आहे, तोवर शेजारी बस.
ती "बरं" म्हणाली. दार हळूच ओढून घेतलं. शेजारी गेली असणार.

१३ मार्च.
सकाळी उतरलो. पाठ सरळ होत नाही. शेजारी विचारलं. तिथे ती गेलीच नव्हती. लेकीला फोन केला. आई इथेच आहे, आत्ता बोलणार नाही म्हणते, असं म्हणाली. मी म्हटलं, तिला सांग, फरशी वाळली. सांगते म्हणाली.
फरशी खरंच सुरेख झालीय. दारापासून ओट्यापर्यंत एकही ठसा नाही.
डब्यावर शेवटची ओळ आहे: आठवडाभर वर्दळ टाळावी.
ती काळजी नाही.