तीन माणसांचं मशीन

आण्णा,

मागच्या महिन्यात नांदेडच्या एका दुकानात विक्रेत्याने मला विचारलं, घरात जेवणारी माणसं किती, आणि मला पटकन उत्तर देता येईना. तुमचे जावई शेजारी उभे होते. ते म्हणाले, तीन. मी त्यांच्याकडे पाहिलं. विक्रेता बिचारा आपलं पाठ केलेलं सांगत होता. तीन माणसांपर्यंत अर्ध्या हॉर्सपॉवरचं चालतं, चार झाली की पाऊणचं घ्यावं, पाहुणेरावळे फार असतील तर एकचं. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही, म्हणून सांगते. सिंकच्या तोंडाखाली बसवायचं मशीन असतं हे. उरलंसुरलं खरकटं त्यात लोटायचं, वरून नळ सोडायचा आणि बटण दाबायचं. आतल्या आत सगळं भरडून मोरीच्या पाइपातून निघून जातं, मागे काही राहत नाही. हिंगोलीत असलं कुणी मागत नाही, म्हणून नांदेड गाठावं लागलं. ऐकूनच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू द्या. ते मशीन मी तुमच्याचपायी शोधत होते.

तुम्ही गेलात त्याला तप उलटून गेलं. जावई एसटीतून रिटायर झाले तसे आम्ही मायजवळ राहायला आलो, कारण हे घर सोडायला ती काही केल्या तयार होईना. अलीकडे ती विसरायला लागली आहे. आधी गॅस बंद करायचं विसरली, मग शेजारणींची नावं, मग कुरुंद्याला माहेरी आता कुणी उरलं नाही हे. दिवाळीनंतर तुम्ही गेलात हेही विसरली. मोंढ्याच्या बाजारात हळदीची मापं आटोपून तुम्ही दुपारचे जेवायला यायचात, नेमक्या त्याच वेळेला ती स्वयंपाकघरात पाट मांडते, तांब्या भरून ठेवते आणि ताट वाढते. दोन भाकरी, वरण, भाजी, फोडलेला कांदा. मग डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते. तुमच्यासमोर ती कधी जेवली नाही. तुम्ही उठलात की त्याच ताटात स्वतःला वाढून घ्यायची. आम्ही पोरी तिला किती हसायचो, पण तिने आपलं सोडलं नाही. आता ताट भरलेलंच राहतं आणि ती दाराआड उपाशी उभी असते.

पहिल्या दिवशी मी तिला खरं काय ते सांगितलं. माय, आण्णा गेले. ती जी रडली, आण्णा, तुम्हाला उचललं त्या दिवशीही ती तशी रडली नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट, पुन्हा माझं सांगणं, पुन्हा ते रडणं. या घरात तुम्ही रोज नव्याने मरत होता आणि बातमी रोज मीच देत होते. डॉक्टर म्हणाले, सांगू नका, त्यांना वाटतं ते वाटू द्या. म्हणून एक दिवस ती परसात गेलेली पाहून मी ताट एका पिशवीत रिकामं केलं आणि खरकटं ताट पाटासमोर ठेवून दिलं. ती आली, ताट पाहून समाधानाने हसली आणि पोटभर जेवली. मला वाटलं, चला, सुटलो. कुठलं काय! घंटागाडीसाठी दारात ठेवलेली पिशवी तिच्या हाती लागली. तिने गाठ सोडली आणि स्वतःच्या हातच्या भाकरी ओळखल्या. “त्यांनी टाकून देलं,” ती मला म्हणाली. “काहून टाकलं? माझं रांधलेलं गोड लागंना का त्यांना?” त्यानंतर दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. आधीच वाळलेली बाई, भिंतीला धरून चालायला लागली. तुमचं ताट रिकामं झाल्याशिवाय आणि त्याचा मागमूस पुसल्याशिवाय माझी माय जगत नाही, एवढं मला त्या दोन दिवसांत कळलं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, तूच का खाऊन टाकलं नाहीस? आण्णा, गेलेल्या माणसाच्या नावाने वाढलेलं ताट आहे ते. पित्तराचं पान गाईचं नाहीतर कावळ्याचं, त्याला घरच्यांनी कधी हात लावला आहे का? गल्लीत आता गाय फिरकत नाही, आणि परसातल्या नालीत ओतलं तर उंदीर येतात, तेही करून पाहिलं. मी शिकलीसवरलेली बाई, पण त्या पाटाजवळ गेलं की अंगावर काटा यायचा. एकदा वाटीतलं वरण हलताना दिसलं. वाऱ्याने हललं असेल म्हणून खिडकीकडे पाहिलं तर ती बंद होती. जावयांना सांगितलं नाही, उगाच हसले असते.

मशीन घेण्याआधी आम्ही गल्लीतल्या नळवाल्या चाचांना बोलावलं होतं. त्यांनी सिंकखालचा सिलेंडर बाहेर काढला, आत टॉर्च मारला, उंची मोजली. मोठं मशीन तिथे मावेल, पण पाइप पेलणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. भिंतीखाली जुना खापरी पाइप आहे आणि वळणावर अरुंद आहे. वायरिंगही तुमच्याच काळातलं. “पाऊनचं घेतलं तं भिंत फोडावी लागंल,” चाचा म्हणाले. “घर म्हातारं हाय, बाई. पचंल तेवढंच खाऊ घाला त्याला.” म्हणून माणसं तीन की चार हा प्रश्न मला सोडवावाच लागला नाही. घरानेच तीन म्हणून सांगितलं, तुम्हाला वगळून.

चाचा ज्या पाइपाला नावं ठेवत होते तो तुम्ही स्वतः पुरला होता. मी शाळेत होते. हळदीने पिवळी झालेली तुमची बोटं चिखलात बुडालेली आहेत, तुम्ही माझ्याकडून तांब्या तांब्या पाणी ओतून घेता आहात आणि उतार बराबर आहे का ते डोकं जमिनीला लावून बघता आहात. त्याच मोरीत पुढे एकदा मी कडक झालेली भाकरी टाकली. तुम्ही ते पाहता. ओरडत नाही. खाली बसता, भाकरी मोरीतून उचलता, तांब्यातल्या पाण्याने धुता आणि माझ्याकडे बघत बघत सगळी खाता. मी रडायला लागते तेव्हा कुठे बोलता. “मी दिवसभर लोकांचं मापतो, पोरी. आपलं एवढंच हाय.” मार परवडला असता मला. त्या दिवसापासून माझ्या ताटात शीत उरलं नाही, आणि आता त्याच मोरीत तुमचं भरलेलं ताट मी रोज लोटणार होते.

लोटलंही. पहिल्याच दिवशी मशीन अडकलं. अर्ध्या ताकदीचं यंत्र ते, ज्वारीची अख्खी भाकरी त्याला कुठली झेपायला? मग मी घास घास करून टाकायला लागले. एक तुकडा, वरणात बुडवलेला, मग थोडं पाणी, मग थांबायचं. शेवटच्या आजारात माय तुम्हाला असंच भरवायची. आणि त्या भोकातून येणारा आवाज तुमच्या शेवटच्या दिवशीच्या छातीतल्या आवाजासारखा होता, हे मी बटण दाबल्यावर ओळखलं. विक्रेत्याने आवाज फार नाही म्हणून सांगितलं होतं. माय दाराआडून विचारायची, काय वाजून राहिलं? मी म्हणायचे, मिक्सर, माय. आवाज थांबला की ती यायची आणि जेवायची. तिच्या अंगावर थोडं मांसही चढलं. मला मात्र सिंकजवळ उभं राहताना भीती वाटायची, आतून कुणीतरी पुढच्या घासाची वाट बघतंय अशी.

मग एका दुपारी लाइट गेली. ताट माझ्या हातात, मशीन मुकं, आणि माय परसातून येऊन दाराआड उभी राहिल्याची चाहूल लागली. पिशवी शोधायला वेळ नव्हता. काय झालं कुणास ठाऊक, मी तुमच्या पाटावर बसले, दाराकडे पाठ करून, आणि जेवायला लागले. पहिला घास तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळला. दुसरा तसाच उतरला. तुमच्या पाटावर बसून मी मायच्या हातचं अंबाडीची भाजीभाकर जेवत होते आणि मला भूक लागलेली होती. मायला आता नीट दिसत नाही, आणि जेवताना तुमच्याकडे तोंड वर करून बघायची तिची रीतही नव्हती. ती चौकटीआडूनच बोलली, एका वेगळ्याच, हळू, तरुण आवाजात. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“पोरगी लई थकून राहिली,” ती म्हणाली. “माझ्यापायी तिला लई तकलीफ. मला समजते, पर तिला सांगता येत न्हाई. तुमी तिला बोलू नका काई.”

मला हुंदका आला तो घासाबरोबर गिळला. मान न वळवता, जमेल तेवढ्या जड आवाजात म्हटलं, न्हाई बोलत. ताटात भाकरीचा चतकोर आणि थोडी भाजी ठेवून मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि हौदाशी उभी राहून मनसोक्त रडले. आत माय तुमच्या ताटात वाढून घेऊन जेवत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या नावाने पेटीत टाकलं तरी पोस्टमन ते याच घरी आणून देईल आणि घ्यायला मीच दारात जाईन. एक मात्र सांगते. मशीन बिघडलंय असं मी जावयांना सांगितलं आहे, आणि ते दुकानात फोनवर फोन करत आहेत. ते बिघडलेलं नाही, आण्णा. दुपार झाली की माय तुमच्याशी काय बोलते ते ऐकायला मला तुमच्या पाटावर बसायचं असतं.