पालथं पडलेलं छत्रीगवत

औंढे

प्रिय कोमल,

देवापुढे दिवा लावून लिहायला बसले. इकडे सारं ठीक. भात पोटरीला आलंय. आज एकादशी, म्हणून चूल लवकर आवरली. फोनवर तू घाईत विचारतेस, मी घाईत सांगते, त्यात निम्मं राहतं.

तुझं छत्रीगवत चांगलं आहे. कुसगावच्या नर्सरीतून तू ते आणलंस तेव्हा आबा म्हणाले होते, "जन्म गेला खाचरातला लव्हाळा उपटण्यात, आन् ही पोरगी पैसं देऊन घरात आणतीया!" तू हसत ते मोरीच्या पाण्यापाशी लावलंस. त्याला पायाशी ओल लागते, हे तुझंच शिकवणं. तांदूळ धुतलेलं पाणी मी तिकडेच सोडते, वेगळं घालावं लागत नाही. पिवळ्या काड्या बुडाशी कापते, नव्या येतात.

एक मात्र तुला सांगितलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तू जातीबाहेर लग्न करून पवनबरोबर तळेगावला गेलीस, त्याच आठवड्यात आबांनी खुरपं घेऊन ते सगळं बेट उपटलं. मी अडवलं नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं त्यांच्या. मुळं दगडावर वाळत टाकली, वरच्या पानांच्या छत्र्या छाटून गुरांच्या पाण्याच्या जुन्या दोणीत भिरकावल्या. तण कसं मारायचं ते यांना पक्कं ठाऊक. पण हे गवत शेंड्यातूनही मुळं सोडतं, त्यातून छत्री पाण्यात पालथी पडली तर फारच. एका सकाळी बघते तर हे दोणीवर वाकलेले. प्रत्येक छत्रीला पांढरी मुळं आणि मधून हिरवे कोंब. "मरत न्हाई की गं हे," एवढंच म्हणाले.

पुढे मला न सांगता त्यांनीच ती रोपं मोरीपाशी लावली. शेजारची येसूबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "भाऊ, भातातला उपटायचा आन् दारातला पोसायचा व्हय?" हे म्हणाले, "ह्यो लव्हाळा न्हाई. कोमलचं हाय." तू गेल्यापासून तुझं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. मी तांदूळ निवडत होते, निवडत राहिले.

आता पत्राचं कारण. काल यांनी बेट फोडून एक वाटा कडी तुटलेल्या बादलीत लावला. ती बादली मी जपून ठेवलेली, विचारलंसुद्धा नाही. मग तळेगावच्या गाडीची वेळ विचारली. लेकीकडे रिकाम्या हाताने जात नाहीत ना. रविवारी येतील. तू रडू नकोस, जुनं काही काढू नकोस. बादली दारातच खाली ठेवतील, ती पवनने उचलून आत न्यावी. चहा त्या दोघांना बरोबरच दे. आबा घेतील, मी विचारून ठेवलंय. आणि बादली लगेच परत देऊ नकोस. ती न्यायला ते पुन्हा येतील.

तुझीच,
आई