साखरेचं मयत

आई, आधी तुझ्या दोन्ही हातांचे मुके घेते.

आम्ही बरे आहोत. तंबू समुद्राला लागून आहे. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सुनेला नाब्लुसहून हवापालटाला आणलंय." तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

गाझात कित्येक महिने साखर नाही. मयताच्या घरासारखी कडू कॉफी रोज पुढे आली की सासूबाई विचारायच्या, "आज कोण गेलं?" सासरे मान खाली घालून म्हणायचे, "साखर. चांगली होती बिचारी." विनोद रोज तोच, तरी आम्ही हसायचो.

वाएल ईदच्या आधी पीठ आणायला गेला, तो अजून आलेला नाही. तू काळजी करू नकोस, गर्दीत नवरे चुकतात. तेव्हापासून सासूबाईंनी कॉफी बघून काही विचारलेलं नाही.

काल त्यांनी अंगावरची शाल देऊन मूठभर साखर आणली, सगळ्यांच्या कपात घातली आणि दरडावलं, "प्या. माझ्या घरातलं कोणी गेलेलं नाही."

सासऱ्यांनी घोट घेतला. "वाएलच्या आई, एवढी गोड? पोरगा आला की ओरडेल हं!"

कोणी हसलं नाही.

आई, शेजारणी तुला भेटायला आल्याच, तर त्यांना कॉफी गोडच दे.

तुझीच,
रुबा