कॉरेगिडोरच्या बोगद्यातून बाहेर आल्यावर

सर,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की शाळेत तुमचा फोटोही उरलेला नाही. नवी इमारत बांधली तेव्हा जुन्या भिंतींवरचं सामान कुठं गेलं, कुणाला विचारूनही कळलं नाही. तरी सांगायचं आहे ते तुम्हालाच. मी एक रणभूमी बघून आलो. तुम्ही आम्हाला आयुष्यभर लढाया शिकवल्यात, पण शिरगावच्या किल्ल्यापलीकडे एखादी रणभूमी तुम्ही स्वतः पाहिली होती की नाही, मला माहीत नाही. मी पाहिली ती फिलिपिन्समध्ये, मनिलाच्या उपसागराच्या तोंडावरच्या एका लहानशा बेटावर. कॉरेगिडोर. माझी मुलगी मनिलाला डॉक्टरकी शिकते. आता बोईसरची, पालघरची बरीच मुलं तिकडे जातात. तिच्या शेवटच्या वर्षाला मी भेटायला गेलो आणि तिनंच बोटीची तिकिटं काढली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला किल्ले आवडतात ना?" मला किल्ले आवडत नाहीत, सर. किल्ले दादाला आवडायचे.

शिरगावची ती सहल तुम्हाला आठवत असेल. एडवणहून एसटीनं निघालो होतो, उन्हं चढायच्या आत किल्ल्यात. तुम्ही पोरांचे दोन भाग केलेत, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि विचारलंत, "समुद्राकडून शत्रू आला तर पहिला कोण बघेल?" बाकीचे एकमेकांची तोंडं बघत असताना दादा बुरुजावर पोचलासुद्धा, त्या फांद्या फुटलेल्या ताडाच्या बाजूला, आणि तिथून ओरडला, "सर, मी!" तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी खाली उभा राहून विचारलं होतं की इथं मेले त्यांना कुठं पुरलं. तुम्ही म्हणालात, "लढाई शिकायला आलोय आपण, मयताला नाही." सगळे हसले. दादाही हसला. तो सैन्यात भरती झाला तेव्हा तुम्ही त्याला तुमच्या घरच्या बाईंनी विणलेला निळा स्वेटर दिलात. आमच्या किनाऱ्यावर स्वेटर कोण घालतो? आईनं तो उन्हात उलटसुलट करून पाहिला होता, एखादं परक्या मुलखातलं जनावर पाहावं तसा.

तो स्वेटर काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत घडी न मोडता परत आला. दादा त्याआधी आला होता, पेटीत, आणि ती पेटी उघडायची नाही असं सोबतच्या जवानांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेराव्यानंतर तुम्ही घरी आलात. आई चुलीपुढे भाकऱ्या थापत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहून म्हणालात, "आई, तुमचा मुलगा अमर झाला." मी पाटावर बसलेलो. आईचा हात परातीत थांबला. ती म्हणाली, "मास्तर, अमर झाला म्हंता ना? मंग जेवाया कदी येल तो, तेवडं सांगा." चहा ठेवलेला होता, तो न घेता गेलात. स्वेटर आईनं आमच्या वाडीत कामाला येणाऱ्या डोंगरपाड्यावरच्या एका बाईला देऊन टाकला. थंडीच्या दिवसांत ती बाई तोच घालून आमच्या अंगणात भात झोडायची आणि आई पडवीतून बघत बसायची. दुसरं कुठलं काम तिला त्या वेळी सुचत नसे.

पुढल्या वर्षी पालघरच्या मैदानावर भरती होती. मी घरी न सांगता गेलो. बनियनवर, अनवाणी, रांगेत उभा. तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. तुम्ही सायकल तशीच मैदानात आणलीत, दंडाला धरून मला बाहेर ओढलंत आणि त्या सगळ्या पोरांसमोर म्हणालात, "तू? तुझ्या भावाला काळीज होतं. तुझ्यात काय आहे? घाबरट आहेस तू. त्याचं नाव घालवशील." मी कपडे घातले आणि एसटी स्टँडवर जाऊन बसलो. रडलोसुद्धा नाही, इतकी लाज वाटत होती. नंतर आयटीआयचा अर्ज तुम्हीच आणून दिलात, फिटर ट्रेडचा, आणि मी तो मुकाट्यानं भरला. घाबरट माणसानं आणखी काय करायचं? त्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. तारापूरच्या केमिकल कारखान्यात नोकरी, बेटेगावला घर, लग्न, मुलगी. तो शब्द मात्र गेला नाही. एकदा आमच्या प्लान्टमध्ये रिॲक्टर फुटला. शेडचे पत्रे रस्त्यापलीकडे जाऊन पडले होते, भिंती गेल्या होत्या, सळया केसांसारख्या लोंबत होत्या आणि आत माणसं होती. वाफेचा व्हॉल्व्ह बंद करायला मी आत गेलो. "अरे मत जा, मर जाएगा," सोबतचा हेल्पर मागून ओरडत होता. आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं सांगू? तुम्ही होतात. बघा सर, घाबरट कोण ते. ज्यांच्यासाठी गेलो त्यांतला एकही वाचला नाही.

म्हणून ते बेट मला अनोळखी वाटलंच नाही. बोटीतून उतरलो, उघड्या बसमध्ये बसलो, चढावर वळलो आणि समोर सैनिकांच्या बराकी. लांबच लांब, तीन मजली, छप्पर नाही, जमिनी खचलेल्या, आणि काँक्रीटमधून त्याच लोंबत्या सळया. लोक फोटो काढत होते. माझ्या नाकात आमच्या शेडचा वास आला. तोफा अजून जागेवर आहेत, त्यांच्या लोखंडाला गोळ्यांनी पाडलेले खळगे आहेत, हात लावला तर ऊन लागतात. दुसऱ्या महायुद्धात आधी जपान्यांनी हे बेट अमेरिकनांकडून आणि त्यांच्या बाजूनं लढणाऱ्या फिलिपिनो सैनिकांकडून घेतलं, मग तीन वर्षांनी अमेरिकनांनी ते परत घेतलं. तुमच्या फळ्यावर हे दोन बाणांत झालं असतं, एक लाल, एक पांढरा. आमची गाईड माझ्याच वयाची एक बाई होती. ती म्हणाली, युद्धानंतर तिचे वडील इथं भंगार वेचायला यायचे. लोखंड, पितळ, मिळेल ते. "पण बुटांना हात लावायचे नाहीत," ती म्हणाली. "बुटांत पाय असायचे." मुलीनं विचारलं, मग पुरलं कुठं सगळ्यांना? बाईनं पायाखालच्या गवताकडे हात केला, समुद्राकडे केला आणि डोंगराकडे केला. तेवढं उत्तर पुरे होतं.

त्या डोंगरातून आरपार एक बोगदा जातो आणि त्याला दोन्ही बाजूंना फाटे आहेत. काही फाट्यांत इस्पितळ होतं. वर बॉम्ब पडायचे तेव्हा आत धूळ उतरायची, दिवे जायचे, आणि डॉक्टर बॅटरीच्या उजेडात पाय कापायचे. पुढे जपानी सैनिक याच बोगद्यात अडकले. शरण जाण्यापेक्षा त्यांनी आतच स्फोट घडवले. गाईडनं आमच्यासाठी क्षणभर दिवे बंद केले. कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. त्या काळोखात मी दादाचा विचार करत होतो. त्याची पेटी का उघडायची नव्हती, हे मला इतकी वर्षं कळत होतं, पण दिसलं नव्हतं. तिथं दिसलं.

बाहेर आल्यावर एका पडक्या भिंतीच्या सावलीत आम्ही डबा उघडला. मुलगी जेवेना. समुद्राकडे बघत म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. परत आले की परदेशी डिग्रीवाल्यांची परीक्षा देईन आणि आर्मीत डॉक्टर म्हणून जाईन. अशा ठिकाणी कुणीतरी असायला पाहिजे ना?" तिचा चेहरा, सर, बुरुजावर उभ्या असलेल्या पोरासारखा झाला होता. आणि मी काय म्हणालो ऐका. "तू? पहिल्या वर्षी मुडदा बघून तू आठवडाभर जेवली नव्हतीस. फोनवर रडत होतीस. तुझ्यात दम नाही तेवढा. पळून येशील आणि आमचं तोंड काळं करशील." मी असं तिच्याशी कधी बोललेलो नव्हतो. तिनं डबा बंद केला, उठली आणि बसकडे चालायला लागली.

मी तिथंच बसून राहिलो. तोंडातून निघाले ते शब्द माझे नव्हते. कुणाचे होते ते ओळखायला मला वेळ लागला नाही. पालघरच्या त्या मैदानावर रांगेतून बाहेर काढल्यावरही तुम्ही माझा दंड सोडत नव्हतात. तो राग होता, असंच मी आजवर समजत होतो. सर, आईच्या त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून तुम्ही तिचा उरलेला मुलगा ओढून परत आणलात, आणि त्यासाठी हाताला जे सगळ्यात वाईट लागलं ते माझ्या तोंडावर मारलंत. समजावलं असतंत तर मी ऐकलं नसतं. दादाचा भाऊ होतो मी. पण तुम्ही नंतर कधीतरी सांगायला हवं होतं. बाजारात भेटायचात, एकदा माझ्या लग्नातही आलात. मी पाया पडलो तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि तो जरा जास्तच वेळ राहिला. तेव्हा सांगायचं होतं.

परतीच्या बोटीत ती दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. आता दोन दिवसांआड फोन करते, जेवलात का विचारते. मी घाबरट या शब्दावर विश्वास ठेवला, तिनं ठेवलेला नाही. तिच्या आईकडून कळलं की परीक्षेची पुस्तकं मागवलीत. पुढे काय करणार, ते ती मला सांगत नाही. मीही विचारत नाही.

हा कागद मी कुणाला देणार नाही. तुम्हाला तर देताच येत नाही. पण एक कबूल करतो. मी तिला तसं का बोललो, ते एका वाक्यात सांगता येईल. दर वेळी तिचा फोन उचलताना ते वाक्य तोंडात असतं. मी ते सांगत नाही, कारण मला तिच्यासाठी किती भीती वाटते ते तिला कळेल, ती मला माफ करेल आणि मग सैन्यात जाईल. रागात आहे तोवर निदान तिनं काही पक्कं केलेलं नसेल, असं मी धरून चाललोय.